मालनचा नेम

मालननं पिशवी टेबलावर ठेवली आणि हात पदराखाली घेतला.

"बाटली काढा की," मी म्हणालो.

"तुमीच काढा, भाऊ."

दर भेटीला हे असंच व्हायचं. मी पिशवीत हात घालून बाटली काढायचो, निळ्या ताटलीत गोळ्या ओतायचो आणि चपट्या सुरीनं एकेक बाजूला सारून मोजायचो. बाटलीत तीस गोळ्या, भेट अठ्ठावीस दिवसांनी. रोज एक घेतली असेल तर दोन उरायला हव्यात. त्या दिवशीही दोनच उरल्या. मागच्या तीन भेटींतही दोनच.

"एकही चुकली नाही?"

"नेम हाय त्यो, भाऊ. नेम कसा चुकंल?"

मला बरं वाटलं. फॉर्मवरच्या कोऱ्या चौकोनात बरोबरची खूण करून मी तिला पलीकडच्या खोलीत मार्था सिस्टरकडे रक्त द्यायला पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. मालन दबक्या आवाजात सांगत होती की आत्याबाईंना पुन्हा मळमळतंय, पित्ताची एखादी गोळी मिळाली तर बरं. आत्याबाई म्हणजे तिची सासू, हौसाबाई.

"दर महिन्याला नेमकं तू यायच्या दिवशी सासूचं पित्त कसं गं उसळतं?" सिस्टर म्हणाल्या. "काय खायला घालतेस म्हातारीला?"

मालन हसली. मीही इकडे हसलो.

ही सतरा वर्षांमागची गोष्ट. आम्ही एका संशोधनात काम करत होतो. नवराबायकोपैकी एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी आम्ही गावोगावहून गोळा केली होती. ज्याला लागण नाही त्याला रोज एक गोळी द्यायची. रोग्यांना जे औषध देतात त्यातलंच हे औषध. ते निरोगी माणसाच्या रक्तात आधीपासून असलं तर विषाणूला आत शिरकाव मिळतो का, हे बघायचं होतं. मी तिथे समुपदेशक होतो. घराणं गुरवाचं. वडील आमच्या गावच्या भैरोबाची पूजा करायचे. मला लहानपणापासून एकच वेड, कीर्तनाचं. टाळाचा आवाज कानावर आला की पाय आपोआप तिकडे वळायचे, अजूनही वळतात. समाजकार्याची पदवी घेतली ती पोटासाठी. बोलायला मात्र मी कीर्तनातच शिकलो.

मालनचा नवरा शिवदास कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या भट्टीवर होता. तिथं एकदा आजारी पडला आणि तपासणीत रोग निघाला. तो कसा लागला हे आम्ही कुणालाच विचारत नव्हतो. त्या काळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू करत नसत, आणि शिवदासच्या पेशी भरपूर होत्या. म्हणजे तो रोग अंगात घेऊन, बिनऔषधाचा, घरी. लग्नाला चार वर्षं झालेली. मालनला मूल हवं होतं. तिची पहिली भेट मला आठवते. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं होतं, "या गोळीनं मी चांगली ऱ्हाईन आन् लेकरू बी हुईल?" आमच्या केंद्राचे डॉ. घोरपडे म्हणाले होते की खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण संधी चांगली आहे, रोज घेतली तर.

रोज घेतली तर. सगळा जोर त्या 'रोज'वर होता, आणि तो माझ्या खात्यात यायचा.

मुंबईच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की गोळी एखाद्या रोजच्या सवयीला बांधून द्या. दात घासणं, सकाळचा चहा. मी गावी येऊन तसं सांगून पाहिलं. बायका मान डोलवायच्या आणि पुढच्या खेपेला सात-आठ गोळ्या उरलेल्या असायच्या. मग माझ्यातला कीर्तनवेडा जागा झाला. मी मालनला सांगितलं, "बाटली देव्हाऱ्यात ठेवा. सांजेला दिवा लावला की हात जोडायचे आणि गोळी घ्यायची. हे औषध नाही, नेम समजा. नेमाला खाडा नाही." तिचा चेहरा उजळला. घरात कुणी विचारलं तर काय सांगायचं, तोही प्रश्न सुटला. अंगात ताकद यावी, कूस उजवावी म्हणून धरलेला नेम. असल्या गोष्टीत सासू नाक खुपसत नाही, उलट मदतच करते.

पुढच्या भेटीपासून मोजणी चोख. मी तेच बाकीच्या बायकांना सांगायला लागलो. तीस-बत्तीस घरांत बाटल्या देव्हाऱ्यात गेल्या. डॉक्टरांनी बैठकीत माझं कौतुक केलं. मी त्या आठवड्यात दोन कीर्तनं जास्त ऐकली.

पाचव्या महिन्यात परदेशातल्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. रक्तात औषध किती सापडलं, ते. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि कागद माझ्याकडे वळवला.

"ही तुमची नेमवाली."

मालनच्या चारही भेटींच्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. बाकीच्या बायकांचं कधी भरपूर, कधी काहीच नाही, असं मागेपुढे होतं. हिचं मात्र चारही वेळा कोरं.

मी म्हणालो की नमुने बदलले असतील. डॉक्टर म्हणाले की ते त्यांनी आधीच विचारून घेतलं. मी म्हणालो की मोजणी बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बाटलीतून जातात, गुरव. तोंडात जातात असं कुठं आहे? चुलीत जात असतील. मुंबईहून विचारणा आलीय की हिला ठेवायचं कशाला. तुम्ही बोला तिच्याशी, आणि मला सांगा."

मला राग आला तो डॉक्टरांचा नाही, मालनचा. इतका जीव लावून सांगितलं, भाऊ-भाऊ म्हणून माझ्यासमोर बसली, आणि गोळ्या चुलीत? पुढची भेट यायच्या आतच तिला निरोप पाठवला. ती नवी, अर्धी भरलेली बाटली घेऊन आली आणि या वेळी स्वतःच्या हातानं ती टेबलावर ठेवली. ते मी पाहिलं. पण त्यातून मला तेव्हा काय कळणार होतं!

मी मोजल्या. बरोबर.

"मालनताई, खरं सांगा. गोळ्या कुठं टाकता?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी कागद दाखवला. रक्तात औषध नाही म्हणजे पोटात गोळी नाही, हे समजावलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून. कुणाला देता का, विकता का, भीती वाटते का, नवरा घेतो का. ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. मी ज्या आवाजात विचारत होतो त्या आवाजात आमचे वडील देवळातल्या कुत्र्यालाही हाकलत नसत.

"देवाची शपथ घेऊन सांगा."

तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "भैरोबाची आन. नेम एक दीस बी मोडला न्हाई. एक बी गोळी वाया गेली न्हाई."

त्या शपथेनं मी जास्तच भडकलो. देवाला मध्ये घालून खोटं बोलणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, असं काहीतरी मी म्हणालो. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

फॉर्मवर गोळी न घेण्याच्या कारणाला पाच चौकोन होते. विसरले, प्रवासात होते, त्रास झाला, औषध संपलं, इतर. मी 'इतर'वर खूण केली, पुढे 'सूचना पाळत नाही' असं लिहिलं आणि सही केली. मालनचं नाव संशोधनातून कमी झालं. बाटली मी ठेवून घेतली.

"मग आता मी काय करू?" तिनं उठता उठता विचारलं.

मी निरोधची पाकिटं पुढे केली.

"आन् लेकरू?"

ते औषध दुकानात मिळत होतं. पण ज्याला रोगच नाही त्याला ते लिहून देणारा डॉक्टर त्या काळी जिल्ह्यात नव्हता. ती रिकामी पिशवी घडी करून निघून गेली. पाकिटं टेबलावरच राहिली.

दोन महिन्यांनी तिच्या गावात हरिनाम सप्ताह होता. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मी खरं तर तिच्या गावाला जायचं टाळतच होतो, पण महाराज असे होते की ते उभे राहिले तर मी दहा कोस चालत गेलो असतो. गेलो. मांडवात जागा नव्हती. कडेला उभा राहून ऐकलं. महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांचं असं काही वर्णन केलं की माझ्या शेजारचा पोलीसपाटील डोळे पुसत होता. दहीहंडी फुटली, गुलाल उडाला, आणि काला वाटायला सुरुवात झाली. माझ्या ओंजळीत ज्वारीच्या लाह्या, दही, डाळ असा भरपूर पडला.

तेव्हा मला मालन दिसली. मांडवाच्या बाहेर, चपलांचा ढीग होता त्याच्याही पलीकडे, लिंबाच्या पारापासून चार हात दूर ती एकटी बसली होती. मला वाटलं, मी दिसलो म्हणून लांब बसली असेल. झाल्या गोष्टीचं मनात सलत होतंच. प्रसादासारखं निमित्त नाही, म्हणून मी ओंजळ तशीच घेऊन गेलो.

"घ्या, ताई."

ती झटकन मागे सरली. "आज नगं, भाऊ."

"अजून राग आहे माझ्यावर?"

"राग न्हाई वो." तिनं मान खाली घातली. "आज मी बाहीरच बरी."

मागून हौसाबाई आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, कपाळावर गुलाल. मला ओळखलं, भैरोबाच्या गुरवाचा ल्योक म्हणून. त्यांनी माझ्यापुढे दोन्ही हात पसरले.

"हिकडं द्या. हिच्या वाट्याचा मी घिते. शिवायचं न्हाई तिला आज, चार दीस बाहीर हाय ती. तीर्थ-परसाद, दिवाबत्ती, या चार दिसांत हिचं समदं मीच करते." त्यांनी काला तोंडात टाकला आणि खाता खाता म्हणाल्या, "ती तुमची नेमाची गोळी बी मीच घ्यायचे."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"कुठली गोळी?"

"आवो, देव्हाऱ्यातली. हिला तर चार दीस देव्हाऱ्याला हात लावायचा न्हाई. मंग नेम मोडायचा का? दिवा लावायचा, हात जोडायचं, आन् हिच्या नावानं गोळी घ्यायची. एक दीस खाडा पडू दिला न्हाई मी. लई कडू आन् लई मळमळायचं बगा. तुमी बंद केल्या, बरं झालं, माजं पित्त गेलं."

त्या हसल्या. मालननं माझ्याकडे पाहिलं, आणि बहुतेक माझा चेहरा बघून तिला कळलं की यात काहीतरी होतं. पण सासूच्या देखत मी काय बोलणार? ती गोळी कशाची, हे त्या माउलीला माहीतच नव्हतं. मी "हो हो" म्हणालो. हातातला उरलेला काला खिशात घातला, सदरा दह्यानं भिजला, आणि तसाच फटफटीला किक मारून केंद्रावर आलो.

मार्था सिस्टर जेवत होत्या. मी म्हणालो, मालनची फाईल द्या, तुमची. आमचं काम असं चालायचं की गोळ्यांचे कागद माझ्या खोलीत आणि बायकांच्या पाळीच्या तारखा त्यांच्या खोलीत. दर भेटीला गर्भ आहे का ते तपासायचं म्हणून त्या तारीख विचारायच्या. दोन फाईली कधीच एका टेबलावर आल्या नव्हत्या. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या. मालनची पाळी घड्याळासारखी, अठ्ठावीस दिवसांची. आमची भेटही अठ्ठावीस दिवसांची. चारही भेटी तिच्या तिसऱ्या दिवशी पडल्या होत्या. महिन्यातले चोवीस दिवस तिनं गोळी चोख घेतली होती. आम्ही रक्त काढत होतो ते नेमकं जे चार दिवस सासू घेत होती त्या दिवसांत, आणि गोळी थांबली की दोन-तीन दिवसांतच हे औषध रक्तातून उतरतं. मधल्या त्या एका भेटीला मी तिला आधीच बोलावलं, आणि तिनं बाटलीला स्वतः हात लावला. त्या दिवशी मी तिचं रक्त काढायला सांगितलं नव्हतं. शपथ घ्यायला सांगितली होती.

"तुम्हाला तारखा माहीत होत्या," मी सिस्टरना म्हणालो.

"आणि तुम्ही बाटली देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलीय, हे मला कोण सांगणार होतं?" त्यांनी डबा बंद केला. "आमच्याकडे देव्हारा नाही, भाऊ. मला विचारलं असतं तर पहिल्या दिवशी म्हणाले असते, चार दिवसांचं काय?"

"मला ती का नाही बोलली?"

"तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या. "गुरवाला?"

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता उठतील, फोन करतील. ते म्हणाले की कमी केलेल्या व्यक्तीला परत घेता येत नाही, तसा नियम आहे. मी म्हणालो, चूक आपली आहे. ते म्हणाले, "आपली म्हणजे कुणाची, गुरव? सही कुणाची आहे?" मग जरा नरमले आणि म्हणाले, अर्ज करा, मी शिफारस लावतो. बाकीच्या बायकांना बाटली हलवायला सांगू का, असं मी विचारलं. सूचनेचा मजकूर बदलायचा तर नीतिसमितीपुढे न्यावा लागेल, दीडेक महिना लागेल, असं उत्तर मिळालं. मी दुसऱ्या दिवसापासून बत्तीस घरं एकेक करून हिंडलो आणि कुणाची परवानगी न विचारता सांगितलं. सिस्टर माझ्याबरोबर आल्या. बोलायचं काम त्यांनीच केलं. अकरा घरांत कुणी ना कुणी चार दिवस नेम चालवत होतं. सासू, जाऊ, एका घरी धाकटी नणंद. बाकीच्या घरांत त्या दिवसांत गोळीला सुट्टीच होती आणि उरलेल्या गोळ्या निर्माल्याबरोबर ओढ्यात जात होत्या. देव्हाऱ्यातली वस्तू उकिरड्यावर कशी टाकायची?

मालनच्या घरी मी आधी गेलो होतो. शिवदास दारातच भेटला. "तिला खोटारडी म्हणालात तुमी," तो म्हणाला. मी हात जोडले, झालं ते सांगितलं. त्यानं ऐकलं. मग विचारलं, "गोळ्या परत देणार का?" मी म्हणालो, अर्ज केलाय.

अर्जाला पहिलं उत्तर सात आठवड्यांनी आलं: प्रकरण विचाराधीन आहे. मी पुन्हा लिहिलं. पाळीच्या तारखा, भेटीच्या तारखा, शेजारी शेजारी तक्ता करून. उत्तर आलं की रुग्णाची अशी माहिती पत्रात लिहिणं नियमबाह्य आहे, यापुढे काळजी घ्यावी. मी तिसऱ्यांदा लिहिलं. कधी कुणी रजेवर होतं, कधी पत्र दुसऱ्याच विभागात गेलं होतं. आठव्या महिन्यात खेद व्यक्त करून नकार देणारं दोन ओळींचं पत्र आलं, त्यात मालनचा क्रमांकही चुकला होता. पुढे संशोधनाचा अहवाल निघाला. आमच्या केंद्रापुरतं त्यात एक वाक्य होतं: स्त्रियांनी औषध नियमित घेतल्याचे दिसून आले नाही.

मी ती नोकरी सोडली आणि सरकारी दवाखान्यात, जिथं लागण झालेल्यांना औषध देतात त्या केंद्रात, समुपदेशक म्हणून लागलो. तिथं एका सोमवारी, रांगेत, मालन दिसली. सातवा महिना. हौसाबाई तिच्या कोपराला धरून उभ्या होत्या. गरोदरपणाच्या तपासणीत तिचा रोग निघाला होता आणि मग घरात सगळंच उघडं झालं होतं. शिवदासला आता औषध सुरू होतं. मालनला त्याच दिवशी सुरू व्हायचं होतं, पोरापर्यंत रोग जाऊ नये म्हणून.

दोघी माझ्यासमोर बसल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर मालनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. सांगायचं ते सांगा."

मी सांगितलं. रोज एक गोळी. आता एकात तीन औषधं आहेत, त्यातलं एक तेच जुनं. आयुष्यभर. पोर वाचेल, बहुतेक नक्की वाचेल.

हौसाबाई सगळं कान देऊन ऐकत होत्या. गुलाल नाही, हसू नाही. मध्येच त्यांनी विचारलं, "आन् चार दीस?"

"चारही दिवस तिनंच घ्यायची. बाळंतपणात, सोयरसुतकात, कधीही. दुसऱ्या कुणी घेऊन चालत नाही."

"देव्हाऱ्याला हात लावून?"

"बाटली कुठेही ठेवा. देव्हाऱ्यात ठेवली तरी तिनं हात लावलेला देवाला चालतो, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरवाच्या लेकाकडे.

"मंग हे तवाच सांगायचं हुतं की, बाबा," त्या म्हणाल्या.

मी नवी बाटली मालनच्या पिशवीत ठेवली आणि पहिली गोळी इथंच घ्यायची असते म्हणून सवयीनं पुन्हा पिशवीकडे हात नेला. तिनं पिशवी आपल्याकडे ओढली. आत हात घातला, बाटली स्वतः काढली आणि झाकण फिरवलं.